मराठीचे पाच गुण

पहिल्या वर्षी मला इथे कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्या वर्षी मिळाला. पहिल्या अर्जाचे १०० पैकी ६५ गुण भरले होते, दुसऱ्याचे ८६. वाढलेल्या २१ गुणांतले निम्मे तर माझ्याकडे आधीपासूनच होते, फक्त त्यांचा कागद नव्हता. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या चार-पाच मराठी बायकांनी फोन करून विचारलं, की हे कसं केलंस? फोनवर सांगताना काही ना काही राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी मूळची मिरजेची. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. मी चौथीत असताना बाबा तिथे टायफॉइडने अॅडमिट होते. रात्री सिस्टर यायच्या, बाबांचं मनगट धरायच्या आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत अगदी स्तब्ध उभ्या राहायच्या. तेवढा वेळ आम्ही सगळे श्वास रोखून असायचो. नर्स व्हायचं तेव्हाच मनात आलं होतं. पण बारावीनंतर घरच्यांनी कॉमर्स ठरवलं. मी बी.कॉम. केलं, बँकेच्या परीक्षा दिल्या, लग्न झालं. पुण्यात असताना सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि चौदा महिने त्यांचं सगळं मी केलं. कूस बदलणं, नळीतून पेज देणं, पाठ पुसून पावडर लावणं, सगळं. ते गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही कॅलिफोर्नियात आलो. नवऱ्याची नोकरी इथे बे एरियात. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा मी ३६ वर्षांची होते, मुलगी पहिलीत.

नर्सिंगसाठी मी कम्युनिटी कॉलेज धरलं, म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी पडते. अॅनाटॉमी (शरीररचनेचा विषय) ५ युनिटांची, म्हणजे २३० डॉलरमध्ये पूर्ण विषय, लॅबसकट. खासगी कॉलेजात हाच नर्सिंगचा कोर्स कित्येक पटींनी महाग आहे. शेवटची परीक्षा मात्र एकच, एनक्लेक्स-आरएन. चार वर्षांची डिग्री केलेलेही तीच देतात आणि रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स सगळ्यांना तेच मिळतं. त्यामुळे या स्वस्त जागांवर उड्या पडतात. आमच्या कॉलेजात वर्षाला ४० जागा. त्या वाढवता येत नाहीत, कारण विद्यार्थ्यांना पेशंटजवळ उभं राहून शिकू देणारी हॉस्पिटलं मोजकीच असतात. शिवाय अनुभवी नर्सला वॉर्डात जेवढा पगार मिळतो तेवढा शिकवून मिळत नाही, म्हणून शिक्षकही पुरेसे नाहीत. काही कॉलेजं किमान अट पूर्ण करणाऱ्या सगळ्यांची सरळ सोडत काढतात. आमच्याकडे गुणांचा तक्ता आहे. आपण अर्ज कुठे करणार त्या कॉलेजचा तक्ता पहिल्याच दिवशी छापून भिंतीवर लावा. मी तो तीन वर्षांनी नीट वाचला.

अर्जाच्या आधी जे विषय पुरे करावे लागतात, त्यात माझी अडीच वर्षं गेली. इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, केमिस्ट्री, मग अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी. शेवटचे तीन सगळ्यांनाच हवे असतात आणि नव्या विद्यार्थ्याला नोंदणीची तारीख सगळ्यात शेवटी मिळते. मी नोंदणीला बसले तेव्हा अॅनाटॉमीचे सगळे वर्ग भरलेले, वेटलिस्टवर माझा सातवा नंबर. कुणीतरी सांगितलं, तरीही पहिल्या दिवशी जाऊन बस. गेले. लॅबमध्ये बसायला जागा नव्हती, भिंतीला टेकून आम्ही नऊ जण उभे. शेजारच्या टेबलावर प्लास्टिकच्या पेटीत हाडं ठेवलेली होती. तीन तासांनंतर सरांनी हजेरी घेतली, न आलेल्यांची नावं खोडली आणि वेटलिस्टच्या क्रमाने प्रवेशाचे कोड वाटायला सुरुवात केली. सातवा कोड माझा, आणि शेवटचाही. माझ्यामागे उभी असलेली व्हिएतनामी मुलगी रडायला लागली. मला माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघवेना.

हा विषय मला अवघड जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. पंधरा वर्षांनी अभ्यास, त्यात दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रत्यक्षात उलट झालं. वहीत मी प्रत्येक अवयवापुढे शाळेतला शब्द लिहीत गेले: यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, वृक्क. हृदयाच्या आकृतीत अलिंद आणि निलय लिहिलं आणि आठवीच्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर लाल-निळ्या खडूने काढलेलं हृदय डोळ्यांपुढे आलं. रक्त कुठून कुठे जातं ते मला आठवतच होतं, नुसती नावं बदलायची होती. अॅनाटॉमीत ए मिळाला. फिजिऑलॉजीत बी, कारण त्या सेमिस्टरला मुलीला लागोपाठ दोनदा न्यूमोनिया झाला. तो बी मला शेवटपर्यंत नडला. नापास न होता विषय परत घेता येत नाही, त्यामुळे ज्या सेमिस्टरला घरात मोठी अडचण असेल त्या सेमिस्टरला विज्ञानाचा विषय घेऊच नका. वेळेत नाव काढून घेतलं तर एक सेमिस्टर जातं, पण खराब ग्रेड कायमची बसते.

पहिला अर्ज फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. घाईत केला हे आता कळतं. बी.कॉम.च्या पदवीचे गुण होते, पण परदेशी पदवीचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं आणि त्या संस्थेला गुणपत्रकं थेट विद्यापीठाकडून, सीलबंद पाकिटात लागतात. मी ते डिसेंबरात मागवायला घेतलं. दादाने दोन फेऱ्या मारल्या, पाकीट कुरियरने निघालं, आणि मूल्यांकनाचा कागद अर्जाची मुदत संपल्यावर नऊ दिवसांनी आला. भाषेच्या रकान्यात मोजक्या भाषांची यादी होती. त्यात हिंदी होती, पंजाबी होती, मराठी नव्हती. माझ्याकडे हिंदीचा म्हणावा असा दाखला नव्हता, म्हणून रकाना रिकामा सोडला. कामाच्या अनुभवात सासऱ्यांच्या आजारपणाबद्दल भरभरून लिहिलं. त्याला शून्य गुण मिळाले. कारण तिथे कुणा सुपरवायझरची सही लागते, तासांसकट. चौदा महिन्यांच्या रात्रींवर सही करणारं कोणी नव्हतं.

नकाराचा ई-मेल एप्रिलमध्ये आला. दोन ओळींचा. त्या दिवशी मी काहीच केलं नाही, मुलीला शाळेतून आणलं आणि खिचडी टाकली. आठवड्याने नर्सिंगच्या ऑफिसात गेले आणि माझे गुण कुठे किती पडले ते दाखवाल का, असं विचारलं. त्यांनी लगेच दाखवलं. हे विचारता येतं हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि मला वाटतं अख्ख्या प्रक्रियेत मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. कागदावर स्पष्ट दिसत होतं: पदवी शून्य, भाषा शून्य, अनुभव शून्य, प्रवेश परीक्षेचे गुण कमी.

भाषेचं शून्य मला झोंबलं. गुणांची ही पद्धत कॉलेजला कुठून मिळाली ते शोधत गेले, तेव्हा राज्याच्या शिक्षण कायद्यातलं ७८२६१.५ हे कलम सापडलं. कॉलेजने कशाकशाला गुण द्यावेत ते त्यात लिहिलंय: पदव्या, विज्ञानाचे ग्रेड, काम किंवा सेवेचा अनुभव, आयुष्यातल्या अडचणी, आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा. भाषांची उदाहरणं दिली आहेत. अमेरिकन खुणांची भाषा, अरबी, चिनी, फारसी, रशियन, स्पॅनिश, टागालोग, आणि मग एक ओळ, भारतीय उपखंडातल्या आणि आग्नेय आशियातल्या विविध भाषा. ती ओळ मी पाच-सहा वेळा वाचली. नवऱ्याला हाक मारून वाचून दाखवली. ज्या मराठी माध्यमामुळे कॉलेजात इंग्रजी बोलताना अंग चोरायचे, त्याला या राज्याच्या कायद्यात जागा होती. आणि ते बरोबरच आहे. दुखतंय कुठे, कसं दुखतंय, हे म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्याच भाषेत सांगता येतं. 'कळ येते', 'ठणकतं', 'चमक मारते', 'रग लागली', 'आग होते' या सगळ्याला दुभाषी एकच शब्द वापरत असेल तर डॉक्टरला काय कळणार?

मी ऑफिसला नम्रपणे ई-मेल लिहिला, कलमातली ओळ जोडली आणि विचारलं की मराठी चालेल का. चार दिवसांनी उत्तर आलं, चालेल, शाळेचं शिक्षण त्या भाषेत झाल्याचा पुरावा द्या. दहावीचं गुणपत्रक होतं, त्यावर मराठी प्रथम भाषा असल्याचं दिसत होतं, पण माध्यमाचा दाखला वेगळा हवा होता. परत दादाच. तो माझ्या शाळेत गेला. ज्या बाई आम्हाला नववीत मराठी शिकवायच्या, त्याच आता मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी जुनं रजिस्टर काढायला लावलं, माझं नाव शोधलं आणि शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून दिलं, की ही विद्यार्थिनी पहिली ते दहावी मराठी माध्यमात शिकली. खाली सही आणि शाळेचा जांभळा गोल शिक्का. दादाने फोटो पाठवला. शिक्क्याचा एक कडेचा भाग फिकट उठला होता. बाईंनी तो बघून पुन्हा शाई लावून शेजारी दुसरा मारला, असं दादा म्हणाला, "परदेशात जायचाय कागद, नीट दिसला पाहिजे." त्या दोन शिक्क्यांच्या कागदाचे पाच गुण मिळाले.

प्रवेश परीक्षेला इथे टीज म्हणतात. १७० प्रश्न, २०९ मिनिटं. वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी असे चार भाग. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पास व्हायला ६२ टक्के पुरतात, पण तेवढ्यावर स्पर्धेत काही हाती लागत नाही. माझे पहिल्यांदा ७४ आले. गणित चांगलं गेलं, विज्ञान बरं, आणि वाचनात मी मार खाल्ला. प्रश्न असे असतात की लेखकाचा हेतू काय, उताऱ्यातून कोणता निष्कर्ष निघत नाही. आपल्याला सवय उताऱ्यातलं उत्तर शोधून लिहायची. चार पर्यायांतले दोन बरोबर वाटतात आणि त्यात मिनिटं उडून जातात. इंग्रजीच्या भागात तर ३७ प्रश्नांना ३७च मिनिटं. मी तीन महिने रोज पहाटे पाच वाजता ओट्यापाशी उभी राहून, फोनवर गजर लावून एकेक भाग सोडवला. बसले की डोळा लागायचा, म्हणून उभी. दुसऱ्यांदा ८८ आले. पण एक नक्की तपासा: काही कॉलेजं पहिल्यांदा पास झालेलाच स्कोअर धरतात. तिथे अर्ज करायचा असेल तर तयारीशिवाय 'बघू तरी' म्हणून परीक्षेला बसू नका.

अनुभवासाठी मी सीएनएचा कोर्स केला, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. कॅलिफोर्नियात तो १६० तासांचा असतो, ६० वर्गातले आणि १०० पेशंटजवळचे. उन्हाळ्यात केला, राज्याची परीक्षा दिली आणि सप्टेंबरपासून एका वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवारची नोकरी धरली. हे काम अंगमेहनतीचं आहे आणि पगार थोडा आहे. तरी मला विचाराल तर नर्सिंगच्या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकीने गुणांसाठी नको, पण स्वतःसाठी हे करावं. हे काम आपल्याच्याने होणार का, ते पहिल्या पंधरा दिवसांतच कळतं. माझ्याकडे एक ९१ वर्षांच्या आजी होत्या, बोलणं जवळपास बंद. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्या दिवशी मला शिकवणारी फिलिपिनो बाई म्हणाली, चादर अशी धर. मी आधीच तशी धरली होती. सासऱ्यांची धरायचे तशीच, मुठीत गुंडाळून, अंगाच्या अगदी जवळ. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढचं काही शिकवलं नाही. आजींना वळवलं की उशी कुठे द्यायची, टाचा हवेत कशा ठेवायच्या, सगळं हातांना माहीत होतं. जानेवारीपर्यंत माझे तीनशेच्या वर तास भरले आणि सुपरवायझरने सही करून दिली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा अर्ज. यावेळी फाइल नोव्हेंबरातच तयार होती, फक्त तासांचा कागद जोडायचा होता. एप्रिलमध्ये ई-मेल आला. मी नर्सिंग होमच्या पार्किंगमध्ये होते, ड्यूटी सुरू व्हायला दहा मिनिटं. ८६ गुण. ८४ वर यादी थांबली होती. नवऱ्याला फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटेना. तो घाबरून विचारत राहिला, "काय झालं? गाडी ठोकली का?"

प्रवेश मिळाल्यावर आणखी दोन महिने कागदपत्रं चालतात. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, जीवरक्षणाचं म्हणजे बीएलएसचं कार्ड, लसी. लहानपणच्या लसीकरणाचं कार्ड माझ्याकडे कुठलं असायला! मग रक्त तपासून प्रतिपिंडं बघतात. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांची निघाली, हेपॅटायटिस बीची नाही. त्याच्या तीन डोसांना सहा महिने लागतात, तेव्हा ते अर्ज करतानाच सुरू करावेत. कॉलेजने मला दोन डोसांवर तात्पुरतं घेतलं, पण जीव टांगणीला लागला होता. क्षयाची तपासणीही लागते. आपल्या दंडावर बीसीजीचा वण असतो, त्यामुळे कातडीखाली टोचून करतात ती चाचणी आपल्याला खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी तशी आली. तपासणाऱ्या बाईने वण बघितला आणि क्वांटिफेरॉन नावाची रक्ताची चाचणी करायला पाठवलं. बीसीजीने त्या चाचणीत फरक पडत नाही. ती निगेटिव्ह आली. तुम्ही सरळ हीच करून मागा, एक आठवडा आणि बरीच धडधड वाचेल.

भारतात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनी मात्र या रांगेत उभंच राहू नये. त्यांची वाट वेगळी आहे. राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे शिक्षणाची कागदपत्रं तपासून घेऊन थेट एनक्लेक्सला बसता येतं. एका मैत्रिणीने हे माहीत नसल्यामुळे सगळं पुन्हा अॅनाटॉमीपासून करायला घेतलं होतं.

जुलैमध्ये सामानाची यादी आली. गडद निळे स्क्रब, पांढरे बूट, स्टेथोस्कोप, बँडेजची कात्री, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. आईला फोनवर सगळी यादी मराठीत वाचून दाखवली. पांढरी साडी नाही हे ऐकून ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "घड्याळ तू घेऊ नकोस, मी घेते." मिरजेतल्या दुकानातून तिने ते घेतलं, नणंद येणार होती तिच्याबरोबर पाठवलं. काळा पट्टा, मोठे आकडे, लाल सेकंदकाटा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, स्किल्स लॅबच्या पहिल्याच दिवशी, आम्हाला दोघीदोघींच्या जोड्यांत बसवून नाडी बघायला शिकवली. अंगठा लावायचा नाही, त्याची स्वतःचीच नाडी लागते. दोन बोटं, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हलका दाब. तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायची. माझी जोडीदारीण बोलत होती, मी तिला थांब म्हणून खूण केली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. अडतीस ठोके. म्हणजे ७६.